सोलापुरातलं घर, बहीण हैदराबादला: हक्कसोडपत्र की बक्षीसपत्र?

जोडभावी_४१ :
जोडभावी पेठेतलं घर, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून वडिलांचंच नाव. वडील २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. वारस चौघे: आई, आम्ही दोघे भाऊ आणि हैदराबादला दिलेली बहीण. बहिणीला हिस्साही नको, पैसेही नकोत, आम्हा भावांना सोडायला तयार आहे. एक जण म्हणतो बक्षीसपत्र करा, दुसरा म्हणतो हक्कसोड. खर्चात किती फरक? तिला सोलापूरला यावंच लागेल का? आई ७२ वर्षांची, आयुष्यभर विड्या वळल्यामुळे आधारला अंगठा लागत नाही. जुन्या खरेदीखतात ९२० चौ. फूट आहे, पत्रिकेवर ८२.४ चौ. मी. त्याचं काय करायचं तेही सांगा.

मुद्रांक_खिडकी :
हक्कसोड. बक्षीसपत्राला २०० रुपये मुद्रांक हे ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धंच सांगितलं. ती सवलत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि मयत मुलाची बायको एवढ्यांनाच, तीही राहत्या घराला किंवा शेतजमिनीला. भाऊ त्यात बसत नाही. बहिणीकडून भावाला बक्षीस म्हटलं की बाजारमूल्याच्या ३ टक्के आणि मनपा हद्दीत वर १ टक्का अधिभार. घर २४ लाखांचं धरा, तिचा चौथा हिस्सा ६ लाख, म्हणजे १८,००० अधिक ६,०००. त्यात २०२५ च्या १ एप्रिलला सोलापूर मनपा हद्दीतले रेडीरेकनरचे (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचे) दर १०.१७ टक्क्यांनी वाढलेत, राज्यातल्या महापालिकांमध्ये सगळ्यात जास्त. जुन्या दराने हिशेब करून जाऊ नका.

हक्कसोडाला महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ५२(अ) खाली ५०० रुपये मुद्रांक (ऑक्टोबर २०२४ पर्यंत २०० होता). मात्र कलमात शब्द ‘वडिलोपार्जित मिळकत’ असा आहे. दस्तात ‘वडिलांची स्वकष्टार्जित’ एवढंच लिहून सोडलं की पूर्ण खरेदीखताचा दर लावायचा का, हा वाद निघतो. मिळकत वडिलांकडे कशी आली, ते कधी वारले, वारस कोण, हा ओघ दस्तात सरळ येऊ द्या. शंका असेल तर आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती मुद्रांक लागतो याचा निर्णय) घ्या, फी १,००० रुपये. आणि बहिणीला खरंच पैसे द्यायचे असतील तर ते दस्तात लिहावेच लागतात, मग ५०० रुपयांची सवलत विसरा.

एक वाक्य वकिलाकडून नीट लिहून घ्या: हक्क कोणाच्या लाभात सोडला. ‘उर्वरित सर्व सहहिस्सेदारांच्या लाभात’ लिहिलं तर आई आणि तुम्ही दोघे, प्रत्येकी १/३. ‘दोघा भावांच्या लाभात’ लिहिलं तर आईचा १/४ राहतो, तुमचा प्रत्येकी ३/८.

मुद्रांक सहीच्या आधी भरायचा, सरकारच्या ‘ग्रास’ संकेतस्थळावर ई-चलनाने. मागाहून भरतो म्हणाल तर कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड.

सिटीसर्व्हे_वाला :
दस्ताआधी पत्रिकेवर वारस चढवा. नोंदणी कायद्यात तशी अट नाही, पण वडिलांचंच नाव असताना हक्कसोड नोंदवलं की पुढे फेरफार अडतो: सोडणारीचं नावच पत्रिकेवर नाही, ती सोडते काय? मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, चौघांचे ओळखपुरावे लावून नगर भूमापन कार्यालयात अर्ज करा.

क्षेत्र: ८२.४ ला १०.७६४ ने गुणा, साधारण ८८७ चौ. फूट. म्हणजे ३३ चौ. फुटांचा फरक. दस्तात पत्रिकेचाच आकडा घ्या, नगर भूमापन क्रमांक आणि चतुःसीमेसह. दोन्ही आकडे लिहून ‘अंदाजे’ टाकायची जुनी खोड सोडा. फरक खटकत असेल तर मोजणी वेगळी मागवा, हक्कसोडात ती भानगड नको. चुकलं तर चूक दुरुस्ती पत्राला पुन्हा सगळ्यांना, बहिणीसकट, हजर व्हावं लागेल.

नोंदणीनंतर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) घेऊन फेरफाराचा अर्ज, मग नोटीस. मनपाचा मालमत्ता कर आणि वीजजोडणी यांचा नावबदल वेगवेगळा, आपोआप काही होत नाही.

जोडभावी_४१ :
आभार. बहिणीने तिकडे नोटरीचं कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं तर चालेल ना?

शिक्का_क्र_२ :
त्या भरवशावर राहू नका. बहिणीने सही केलेला दस्त मुखत्याराने सादर करून कबुली द्यायची असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ते पत्र ती राहते तिथल्या उपनिबंधकासमोर सही होऊन प्रमाणित झालेलं लागतं. नोटरीचा शिक्का तिथे पुरत नाही. पत्र इंग्रजीत करा. तेलुगूत आणलं तर सोबत मराठी भाषांतर आणि नक्कल मागितली जाईल. आपल्या पूर्व भागात घरोघर तेलुगू चालते, निबंधकाच्या टेबलावर चालेलच असं नाही. पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत इथला फरकाचा मुद्रांक भरायचा.

त्यापेक्षा सोपं: सगळ्यांनी एकाच दिवशी यायची सक्ती नाही. सहीपासून चार महिन्यांत दस्त सादर करायचा, आणि लिहून देणारे वेगवेगळ्या दिवशी हजर राहून कबुली देऊ शकतात. बहीण सणाला येणार असेल तर तारीख तशी धरा. उशीर झाला तर पुढचे चार महिने आहेत, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड.

आईचं: आधार पडताळणी संमतीवर आहे, अंगठा स्कॅनरवर उमटला नाही म्हणून दस्त थांबत नाही. व्यवहारात नसलेले दोन ओळखदार मूळ ओळखपत्रांसह न्या. आई चालू शकत नसेल तर गृहभेटीचा अर्ज करता येतो.

पानामागे ४० रुपये दस्त हाताळणी शुल्क, २४ पानांचे ९६०. आणि नोंदणीआधी दस्ताची जी माहिती ऑनलाइन भरतात, ती स्वतः डोळ्यांखालून घाला. सूची दोन दस्तावरून नाही, त्या भरलेल्या माहितीवरून छापली जाते. दस्तात नाव बरोबर आणि सूचीत चूक, हे नेहमीचं. तेलुगू आडनावांत तर आधारवर एक, पत्रिकेवर दुसरं. सही करण्याआधी ‘नोंदणीपूर्व गोषवारा’ हातात देतात, तिथेच नाव, नगर भूमापन क्रमांक आणि क्षेत्र आधार व पत्रिकेशी ताडून पाहा. शिक्के पडल्यावर दुरुस्ती म्हणजे नवा दस्त.