दहा मिनिटांत प्रोजेक्टाइल? आधी दोन नाणी घ्या!

खडूवाला:
"फळ्यावर पॅराबोला काढायचे दिवस गेले. सिम्युलेशन लावा, दहा मिनिटांत प्रोजेक्टाइल मोशन संपतं" अशी पोस्ट परवा वाचली. (प्रोजेक्टाइल मोशन म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, पॅराबोला म्हणजे तिचा कमानीसारखा मार्ग, सिम्युलेशन म्हणजे तीच गती संगणकाच्या पडद्यावर.) तिथेच उत्तर देणार होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

संपतं म्हणजे काय हो? गेल्या वर्षी मीही लावलं होतं. हवेचा रोध बंद, गोळ्याचं वस्तुमान दुप्पट केलं, मार्ग तोच. मागच्या बाकावरून आवाज: "सर, त्यात तसं सेट केलंय." मी गप्प.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या कडेवर पट्टी ठेवली. एक नाणं पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकावर, दुसरं कडेशी, पट्टीला टेकवून. पट्टीला टिचकी. पहिलं सरळ खाली, दुसरं उडून लांब. आणि टण्ण, आवाज एकच, म्हणजे दोन्ही एकाच वेळी जमिनीवर! सात वेळा करायला लावलं पोरांनी. शेवटी तोच पोरगा डोळे मिटून कान देऊन बसला. नाण्याला कुणी सेट करत नाही.

तिरपा_बाण:
सर, टेबल 80 सेंटीमीटरचं असेल तर सगळा खेळ 0.4 सेकंदांचा. आवाज कळेल, मार्ग काय दिसणार, कपाळ? चेंडू माथ्यावर पोचला की वेग शून्य, असं निम्मा वर्ग लिहितो. तिथे तुमचं नाणं काय करतं? सिम्युलेशन नेमकं माथ्यावर थांबवता येतं. वेगाचा उभा बाण गायब, आडवा जसाच्या तसा. अशी सिम्युलेशनं बनवणारा कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प 2002 मध्ये कार्ल वायमनने सुरू केला, नोबेलवाला माणूस. पोरखेळ नाही तो.

खडूवाला:
नोबेल थंड अणूंवरच्या कामाला होतं, स्लायडरला नव्हे.

शुद्धमराठी:
चालू द्या तुमचं. पण प्रक्षेप्य गती म्हणायला जीभ जड होते का?

तिरपा_बाण:
प्रक्षेप्य की प्रक्षेपक ते आधी तुमच्यात ठरवा, मग आम्ही म्हणू.

माजी_गोळाफेक्या:
दोघंही पोरांना "45 अंशाला सर्वात लांब" हेच शिकवत असणार. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांचं ऐकून मी आठवडाभर 45 साधत बसलो. अंतर मीटरभर घटलं, खांदा धरला तो वेगळाच. अव्वल गोळाफेकपटू 35 ते 40 च्या आसपास सोडतात.

खडूवाला:
हवेचा रोध. पुस्तकात तो धरत नाहीत.

माजी_गोळाफेक्या:
सव्वासात किलोच्या लोखंडाला हवा काय अडवणार? गोळा सुटतो दोन मीटरवरून, पडतो जमिनीवर. 45 चं गणित सुटायची आणि पडायची पातळी एक असेल तरच.

तिरपा_बाण:
आत्ताच गणित केलं. वेग 14 मीटर प्रतिसेकंद, उंची 2.1 मीटर. कोन येतो 42. तुमचे 35 कुठून आले?

माजी_गोळाफेक्या:
कारण वेग तुम्ही कायम धरलात. गोळा जितका वर ढकलाल तितका वेग कमी मिळतो. तुमच्या सिम्युलेशनमध्ये कोनाला स्लायडरची वेगळी पट्टी, वेगाला वेगळी. माझ्या खांद्यात दोन्हीला मिळून एकच होती.

तिरपा_बाण:
हं. हे बरोबर आहे. झालं समाधान?

खडूवाला:
मी सुरुवातीपासून हेच सांगतोय!

माजी_गोळाफेक्या:
नाही, तुम्ही हवेचा रोध म्हणालात. वर जाऊन वाचा.

मधला_बाक:
2004 मध्ये हार्वर्डच्या एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी वर्गातली प्रात्यक्षिकं तपासली. ज्यांनी नुसतं पाहिलं, त्यांना न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजलं नव्हतं. ज्यांनी आधी अंदाज बांधला, त्यांच्यात फरक दिसला. म्हणजे नाणी काय, स्क्रीन काय, नुसतं दाखवून उपयोग नाही. सर, टिचकीआधी अंदाज विचारला होता?

खडूवाला:
विचारला होता.

मधला_बाक:
लिहून घेतला?

खडूवाला:
हात वर करायला लावले होते.

तिरपा_बाण:
म्हणजे पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीकडे बघून अख्ख्या वर्गाने वर केले!

खडूवाला:
बरं बाबा. या सोमवारी वहीत लिहून घेतो. नाण्यांचं मोबाइलवर स्लो मोशन शूटिंगही करतो. सेकंदाला 240 फ्रेम धरल्या तर 0.4 सेकंदांत 96 चित्रं, म्हणजे मार्ग दिसायची तुमची तक्रार मिटली. मग लावू सिम्युलेशन. मग म्हणतोय, आधी नाही.

शुद्धमराठी:
स्लो मोशनला मंदगती म्हणतात.