मदत हवी आहे: जुन्या घरात अर्थिंग नाही, पीसी जोडताना स्टॅटिकचं (अंगावर साठणाऱ्या विजेचं) काय करू?

मंडळी नमस्कार,

पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं पीसी जोडतोय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. पगारातून थोडे थोडे बाजूला काढत सामान जमवलंय. एखादी वस्तू उडाली तर परत घ्यायची ऐपत नाही, म्हणून आधीच विचारतो.

घर शिवाजी पेठेत, वायरिंग आजोबांच्या काळातलं. सॉकेट तीन पिनांचं आहे, पण मागं वायरमननं बोर्ड उघडून दाखवला तर अर्थचा स्क्रू नुसताच बसलेला, त्याला वायरच नाही! जुना पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

पावसाळ्यात हा प्रश्न पडलाच नसता. पंचगंगा पात्राबाहेर आली की आमच्याकडं उशीसुद्धा दमट लागते. पण आता जानेवारी. रात्री पॉलिस्टरचं ब्लँकेट ओढलं की अंधारात ठिणग्या दिसतात, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चटका.

व्हिडिओत सगळे सांगतात, एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) पिन सॉकेटमध्ये ठेवा, बटण बंद करा आणि पत्र्याला हात लावा. माझ्याकडं अर्थच नाही, मग? शेजारचे काका म्हणतात, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहा. दुकानदार म्हणतो, इतकी वर्षं हातानंच जोडतोय, काय होत नाही. रिस्ट स्ट्रॅप (स्टॅटिकसाठी मनगटाला बांधायचा पट्टा) घेऊन ठेवलाय, त्याची क्लिप लावू कुठं? नळाला चालेल? आणि बोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीवर ठेवून जोडला तर?

प्रतिसाद

भावा, आधी पिन सॉकेटमधून काढ. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळं, अर्थ नसेल तर कॅबिनेटचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर असतं, म्हणजे बंद केलं तरी फेज आत येतच राहतो, तेव्हा 'बंद'वर विश्वास ठेवू नको.

आता मुद्दा. स्टॅटिक जमिनीत सोडलंच पाहिजे असं नाही. तू, कॅबिनेट आणि हातातली वस्तू विजेच्या एकाच पातळीवर असलात की उडी मारायला काही उरत नाही. क्लिप कॅबिनेटच्या उघड्या धातूला लाव, एसएमपीएसच्या स्क्रूला वगैरे. रंगावर लावलीस तर उपयोग शून्य. स्ट्रॅपमध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर असतो, चुकून २३० व्होल्टला लागलास तरी पाव मिलिअँपच्या आतच करंट जातो. त्याच्या जागी नुसती तांब्याची तार गुंडाळू नको. नळ विसर, हल्ली पाइप प्लास्टिकचे. आणि काकांना नमस्कार सांग, पण फरशी कोरडीच ठेव.

दुकानदाराचं अर्धं खरं आहे, चिपच्या आत थोडं संरक्षण असतं. पण हाताला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढं, आणि काही चिप काहीशे व्होल्टलाही मरतात. जाणवलं नाही म्हणजे झालं नाही, असं नाही. त्यातून एखादा भाग अर्धमेला होऊन महिन्यांनी दगा देतो, ते जास्त वाईट.

चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो. बोर्ड तिच्यात ठेवायला उत्तम, पण तिच्यावर ठेवून चालू करू नको. खाली बोर्डाचं पुठ्ठ्याचं खोकं घे. थर्माकोल, बबल रॅप खोलीबाहेर, स्वेटरही. रॅम कडेनं धर. आणि तुझ्या प्रोसेसरला खाली पिना आहेत, स्टॅटिकपेक्षा त्या वाकायची भीती मोठी.

जोडून झालं की परसात मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग घेच.

धागाकर्ता

सगळं तसंच केलं. पहिल्याच झटक्यात बायोस (बोर्डाचा सेटिंगचा स्क्रीन) आलं, पण रॅम ८ जीबीच दिसतेय! एक काडी गेली का स्टॅटिकनं? पोटात गोळा आलाय.

प्रतिसाद

इतक्यात मयत नको करू. पिन काढ, ती काडी काढून परत बसव. बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो, दुसरं टोक वर राहिलेलं कळत नाही. दोन्ही टोकं अंगठ्यानं दाब, 'टक' ऐकू येईपर्यंत.

धागाकर्ता

टक. १६ दिसतेय.