खाडीवर पूल झाल्यावर फेरीबोटीच्या कामगारांना भरपाई मिळते का?

प्रश्न (खाडीकाठचा खलाशी):
कोकणातल्या एका खाडीवरील फेरीबोटीवर मी अकरा वर्षे खलाशी आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आखणीत बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे आमची फेरीही आज ना उद्या बंद होणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. संघटनेने भरपाईचा विषय काढला, तेव्हा ‘ठेका संपला की संबंध संपला’ असे उत्तर मिळाले. शिवाय वादळी हवेमुळे फेरी बंद राहिली किंवा मोठ्या ओहोटीला रॅम्प धक्क्याला नीट टेकला नाही, की त्या दिवशी आमच्या नावापुढे खाडाच मांडला जातो. अशा हजेरीवर काही मागता येईल का?

उत्तर (कामगार कायद्याचे काम पाहणारा):
मागता येईल. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असली, तरी या बाबतीतले तत्त्व 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातलेच आहे. व्यवसाय बंद झाल्यास किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. आपल्या अकरा वर्षांचे ते 165 दिवसांचे होते. मात्र आवाक्याबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने व्यवसाय बंद झाल्याचे ठरले, तर ही रक्कम तीन महिन्यांच्या वेतनापलीकडे जात नाही आणि मालक पुलाकडे बोट दाखवून नेमके हेच म्हणेल. त्यावर आपला मुद्दा असा, की परवान्याची किंवा भाडेपट्ट्याची मुदत संपली एवढ्यानेच कारण अटळ ठरत नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे.

उत्तर (निवृत्त तांडेल):
हजेरीतल्या खाड्यांचे आधी बघा. काम बंद पडण्यात कामगाराचा दोष नसेल, तर सेवेत खंड धरला जात नाही. पण फेरी कशामुळे बंद होती हे दहा वर्षांनी कोण सांगणार? तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि झालेल्या फेऱ्या आजपासून स्वतःच्या वहीत उतरवा, आणि हजेरीच्या पानाचा दरमहा फोटो काढून ठेवा. मुकादम कुरकुर करील, करू द्या.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्यातले तिकीट फाडणारे चौघे दुसऱ्याच ठेकेदाराच्या पटावर आहेत, त्यांचे काय?

उत्तर (कामगार कायद्याचे काम पाहणारा):
त्यांचा दावा त्यांच्या ठेकेदाराविरुद्ध वेगळा मांडावा लागेल. तरी त्यांना आताच संघटनेचे सभासद करून घ्या, आणि त्यांच्या वेतनपावत्या त्यांनी आजच मागून घ्याव्यात.