स्लॅब टाकला, पैसे संपले. भाड्याच्या खोल्यांसाठी कर्ज कोण देतं?

दारव्हा_कपाशी:
सहा खोल्या बांधतोय, भाड्यानं द्यायला. स्लॅब टाकून दोन महिने झाले. प्लास्टर, फरशी, वायरिंग बाकी. घरचे ९ लाख लागले, आणखी ५ लाख पाहिजेत. बँकेनं दोनदा परत पाठवलं, "कागद पूर्ण आणा" एवढंच म्हणतात. मिस्त्री दुसऱ्या कामावर चाललाय, पावसाळा तोंडावर आहे. लवकर सांगा.

जुना_ग्रामसेवक:
जागा गावठाणातली की शेतातली? ७/१२ आहे की नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घर-जागेचा उतारा? शेत असेल तर एनए, म्हणजे बिगरशेती झालं का?

गाळेवाला:
भाऊ, कागदाच्या मागं काहून लागता? पतसंस्थेतून उचला. मी १४ टक्क्यांनी घेतले न् रोडवर गाळे काढले. खोल्यांपेक्षा गाळ्याचं भाडं बरं येते.

हिशेब_ताई:
गाळेवाले दादा, रोडची जागा तुमची होती, सगळ्यांची नसते. १४ टक्क्यांनी ५ लाख ५ वर्षांसाठी म्हणजे हप्ता ११,६०० च्या वर. सहा खोल्या २,५०० नं गेल्या तर १५,००० येतील, दोन रिकाम्या पडल्या की १०,०००. मग हप्ता कापसातून भरणार का? हेच बँकेत १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,६०० च्या आसपास. महिनाभर थांबावं लागलं तरी बँकच धरा.

गाळेवाला:
मिस्त्री महिनाभर थांबते का, ताई?

भाडेकरू_मास्तर:
भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणी नसली अन् वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात. माझ्या घरमालकानं हे टाळलं होतं, शेवटी मनस्ताप त्यालाच झाला.

दारव्हा_कपाशी:
मास्तर, अजून खोल्याच झाल्या नाहीत. गावठाणातलीच जागा आहे, नमुना ८ आहे, घरपट्टी भरलेली आहे. अजून काय पाहिजे?

जुना_ग्रामसेवक:
नमुना ८ वर नाव कोणाचं आहे?

दारव्हा_कपाशी:
बाबांचं. ते वारले, तीन वर्षं झाली.

जुना_ग्रामसेवक:
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं, भाऊ. गेलेल्या माणसाच्या नावावरची जागा बँक तारण कशी घेईल? आधी ग्रामपंचायतीत वारस नोंद करा. मृत्यू दाखला अन् सगळ्या वारसांची नावं लागतील. बहिणी आहेत का? लग्न झालं तरी हिस्सा असतो.

दारव्हा_कपाशी:
आई अन् एक बहीण. बहीण पुसदला आहे. दिवाळीपासून आमचं बोलणं नाही.

सोयाबीन_२:
बँकवाल्यांनी हे तोंडानं सांगायला काय जात होतं? पीक कर्जाच्या वेळी मलेही असंच फिरवलं.

हिशेब_ताई:
दादा, वकिलाची नोटीस आधी पाठवू नका, स्वतः जा. बहिणीच्या हिश्शाचं काय करायचं ते आधी बोला. ती सहकर्जदार होऊन सही करू शकते, हक्क सोडायलाच पाहिजे असं नाही.

दारव्हा_कपाशी:
ती राजी झाली तर हक्कसोडपत्र पुसदलाच होईल का?

जुना_ग्रामसेवक:
जागा ज्या दुय्यम निबंधकाच्या (रजिस्ट्री ऑफिसच्या) हद्दीत, तिथं तर होतेच; पुसदला होते का, ते आधी तिथं विचारून घ्या. आईलाही सोबत न्या.

दारव्हा_कपाशी:
उद्या पहिल्या एसटीनं पुसदला जातो. मिस्त्रीले आठ दिवस थांबवतो.

गाळेवाला:
स्लॅब किती इंचाचा टाकला, भाऊ? वर मजला चढतो का?