नक्षी आणि सिलिंडर

मोठ्या बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) शिकारी रिव्हॉल्व्हरवरची नक्षी आणि गुळगुळीत सिलिंडर (गोळ्या ठेवायचा फिरता भाग) म्हणजे नुसता मिरवायचा थाट, असं काहीजण म्हणतात. वेलबुट्टीपुरतं मान्य. पण गुळगुळीत सिलिंडरला त्यात ओढू नका. १९५९ च्या रुगर सुपर ब्लॅकहॉक या .४४ मॅग्नम (जोरदार काडतुसाच्या) रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला बाहेरून नेहमीच्या खाचा नाहीत. धातू जास्त राहतो, वजन वाढतं, गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का जरा सुसह्य होतो. नक्षीकाराला सलग जागा मिळते हा वरकड फायदा.

आणि सगळी नक्षी छिन्नीची नसते हो. १८४७ च्या कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर टेक्सास रेंजर्स (टेक्सासचं सशस्त्र दल) आणि कोमांची (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) यांच्या लढाईचं चित्र आहे. नोटांसाठी कोरीवकाम करणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबीने ती पोलादी रुळावर (रोलरवर) कोरली आणि तो रूळ दाबून फिरवत सिलिंडरमागून सिलिंडरवर चित्र उमटवलं गेलं. म्हणजे चक्क छपाईच!