आबाजींचं कॉर्नेट सापडलं, पिस्टन जाम आहेत (अन् जुन्या बँडच्या थोड्या आठवणी)

दारव्ह्याचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटासाच आहे पण आधी थोडं पाल्हाळ लावतो.

गावाकडच्या घराचे कवेलू उतरवायचं काम काढलं तर माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं आबाजींचं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण थोडं आखूड पितळी फुंकवाद्य) सापडलं. आबाजी म्हणजे माझे आजोबा, आमच्या भागातले बँडमास्तर. सात माणसांचा बँड. कॉर्नेट स्वतः आबाजी, क्लॅरनेटवाले मामा, एक युफोनियम (मोठं, खालच्या सुरांचं पितळी वाद्य, त्याला आम्ही पोट्टे म्हैस म्हणायचो, वाद्याला, माणसाला नाही), ढोल, साईड (म्हणजे साईड ड्रम), झांज, आणि एक खुळखुळेवाला, ज्याला खरं म्हणजे काहीच वाजवता येत नव्हतं पण गॅसबत्तीची मेंटल त्याच्याइतकी सफाईनं कोणीच बांधत नव्हतं म्हणून आबाजींनी त्याला कधी सोडलं नाही. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू, पाऊस पडला की सगळे वावरात. हिवाळ्यात तर दिवसा कापूस वेचायचा अन् रात्री वरात, बोंडांनी मामांची बोटं अशी फाटायची की क्लॅरनेटची भोकं नीट झाकली जायची नाहीत, मग ते बोटांना मेण लावायचे.

नोटेशन वगैरे कोणाला येत नव्हतं. बुधवारी रात्री आठला रेडिओवर बिनाका गीतमाला लागली की आबाजी सरपंचाच्या ओसरीवर जाऊन बसायचे, डोळे मिटून, मांडीवर तीन बोटं हलवत. दोन बुधवार ऐकलं की गाणं बसलं. मग ते नुसतं गुणगुणून एकेकाला त्याचा भाग द्यायचे, अन् प्रत्येकाला त्याला झेपेल तेवढाच. युफोनियमवाल्याला दम्याचा त्रास होता, तर त्याच्या वाट्याला दोनच सूर, पण ते दोन सूर असे ठेवलेले की ते नसले तर गाणं लंगडं व्हायचं.

आता प्रश्न. एक, पिस्टन (सूर बदलायला बोटांनी दाबायचे ते तीन) जाम झालेत, न मोडता कसे सोडवायचे? आणि दुसरं, परवा युट्यूबवर किंग ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन बँडमास्तरचं 1923 चं रेकॉर्डिंग लागलं आणि मी उडालोच ना बाप्पा, सगळे एकदम आपापलं वाजवतात पण कोणी कोणाच्या पायात येत नाही, अगदी आमच्या वरातीसारखं. हे सारखेपण कुठून आलं, का माझाच भास?

जॅझवेडा_नागपूर

भास नाही दादा. तुम्ही ऐकलं ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचं जुनं जॅझ. त्यात कॉर्नेट मूळ चाल धरतं, क्लॅरनेट वरून नक्षी काढतं, ट्रॉम्बोन खालून टेकू देतो, आणि तिघं एकाच वेळी बोलतात. ते शहर मिरवणुकीच्या बँडांचंच. तिथं अंत्ययात्रेलाही बँड, दफनभूमीपर्यंत जाताना संथ भजनासारखं आणि परतताना एकदम नाचायला लावणारं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला वाजतगाजत नेतातच की.

मूळही बरंचसं एकच. तिकडं काय अन् इकडं काय, ही पितळी वाद्यं लष्करी बँडांमुळं लोकांपर्यंत पोचली, रस्त्यावर आली आणि मग जो तो आपल्या कानानं वाजवायला लागला. आपल्याकडं मेरठच्या जली कोठीत ती अजूनही बनतात, तुमच्या कॉर्नेटवर शिक्का असेल तर बघा.

शिवाय एक आडवाट आहे. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादकच सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही होते. चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवाला, मुंबईच्या ताज हॉटेलात त्याचा बँड, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचा नामी जॅझ ट्रम्पेटवाला) म्हणायचे. तो संगीतकार सी. रामचंद्रांकडं वाजवायचा, त्यांच्या अलबेला सिनेमात (1951) तर पडद्यावरही दिसतो. आणि सी. रामचंद्र शिकले कुठं, तर आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडं. म्हणजे तुमचे आबाजी ओसरीवर बसून रेडिओतून जे उचलत होते त्यात न्यू ऑर्लिन्सचे चार थेंब आधीच पडलेले होते.

ऑलिव्हरबद्दल थोडं, कारण तुमच्या आबाजींवरून तोच आठवला. 1922 ला शिकागोत त्याचा बँड जोरात होता, त्यानं न्यू ऑर्लिन्सहून एका पोराला दुसरं कॉर्नेट वाजवायला बोलावलं. तो पोरगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग, वय एकवीस. तो ऑलिव्हरला पापा जो म्हणायचा. मधेच सगळा बँड थांबायचा आणि दोघं मिळून एक तुकडा असा वाजवायचे की लोकांना कळायचं नाही हे ठरवलं कधी. गुरूनं पुढं काय येणार ते हळूच सुचवलेलं असायचं आणि हा पोरगा लगेच त्यावर दुसरा सूर बसवायचा. पुढं ऑलिव्हरच्या हिरड्या खराब झाल्या, दात गेले, आणि दात गेले की कॉर्नेटवाला संपला, ओठ टेकवायचे कशावर? शेवटी सव्हाना गावात एका पूल हॉलमधे झाडलोट करत होता, 1938 मधे गेला.

वऱ्हाडी_बुढा

लेका पोट्ट्या, वाचून मले माह्या लग्नाची सय आली. आमच्याकडला बँडमास्तर तुह्या आबाजीवानी शांत नोहता, लय तिरसट. मंगलाष्टकात भटजी म्हने "वाजंत्री बहु गलबला न करणे" अन् हा मास्तर डोये वटारून असा पाहे का जसा त्यालेच टोमना हाणला.

त्याचा ढोलवाला एका कानानं बहिरा. म्हनून मास्तरनं त्याले शिकोलं होतं, तू मंत्र आयकू नको, फक्त माह्याकडं पाह्य, मी मुंडी हालोली का हान. आता आमच्या लग्नात काय झालं, भर उन्हाया, मांडवात माश्याच माश्या, एक मास्तरच्या नाकावर बसली अन् त्यानं मुंडी झटकली. झालं, ढोल दनानला, ढोल वाजला म्हनून साईड वाजला, साईडमांगं सारा बँड. अजून तीन मंगलाष्टकं बाकी होती बाप्पा. लोकाईनं साऱ्या अक्षता फेकून देल्ल्या, कोनी पंगतीकडं पयालं, भटजी पोथी घेऊन उभाच. अंतरपाट धरनाऱ्या मामाईनं इचारलं, धरू का सोडू? आमची बुढी अजून म्हन्ते, तुमचं माहं लगन अर्धंच लागलं.

इंग्रजी बाजाचं मले काही समजत नाही. पन दाताचं पटलं. आमच्या मास्तरचे दात खर्र्यानं गेले.

संत्रावाली

आठवणी छानच आहेत, पण सगळं गोड गोड नका करू. माझे बाबा साईड वाजवायचे, वरूड तालुक्यात. वाजंत्र्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसायची, मांडवाच्या बाहेर, आणि तोवर वरणाचं पाणी झालेलं असायचं. वाजवणारे बहुतेक कोणत्या वस्तीतले असायचे ते इथं सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. नवरदेवाचे मित्र पाचाची नोट ओठांत धरून नाचायचे आणि ती वादकानं तोंडानं घ्यायची म्हणे, बाबांनी कधीच घेतली नाही, मग मास्तर स्वतः पुढं येऊन हातानं घ्यायचा आणि हसून वेळ मारून न्यायचा. ठरलेल्या पैशातले निम्मे हातात पडायचे, बाकीचे कापूस विकल्यावर. आता डीजे आला तर त्याला आधी पैसे, नंतर वायर जोडणार.

दादा, तुमचे आबाजी जेवणाचं कसं करायचे?

पितळी

पिस्टनचं सांगतो, बाकी चालू द्या. पक्कड अजिबात लावू नका. आधी खालची टोप्यांची आटी हातानं सोडवा, नाही सुटली तर फडकं धरून. आख्खं कॉर्नेट कोमट पाण्यात थोडा साबण टाकून दोनेक तास बुडवून ठेवा, उकळतं पाणी नको, जुना लॅकर निघतो. मग खालच्या भोकातून पिस्टनच्या कडेनं शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी बोटानं दाबून बघा. खोबरेल तेल टाकू नका, थंडीत गोठतं, बहुतेक जुन्या लोकांनी तेच टाकलेलं असतं आणि म्हणूनच जाम होतं. पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात, निघाले तर ज्याचे त्याच घरात घाला. आणि चिंच लावून चकाचक करू नका हो, वरचा मुलामा जातो.

दारव्ह्याचा_पोट्टा

ताई, जेवणाचं आबाजींचं एकच होतं, सुपारी घेतानाच बोलून घ्यायचे की वरात निघायच्या आधी माझी माणसं जेवतील. रिकाम्या पोटी फुंक येत नाही जी, एवढंच म्हणायचे, भांडायचे नाहीत. दोन-तीन घरांनी त्यावरून सुपारी मोडली हेही खरं. मांडवाच्या आत बसवलं असं मात्र मी कधी पाहिलं नाही.

जॅझवेडा भाऊ, तुम्ही दातांचं लिहिलं आणि मी फोन ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. आबाजींचेही समोरचे दात गेले होते. कवळी बसवली पण ती फुंकताना हलायची. तरी दोन सीझन त्यांनी काढले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, वरातीत त्यांच्या अगदी बाजूनं चालायचो, आणि एका रात्री माझ्या लक्षात आलं की कॉर्नेटमधून आवाजच येत नाहीये. गाल फुगलेले, बोटं बरोबर गाण्याप्रमाणं चाललेली, पण आवाज सगळा मामांच्या क्लॅरनेटचा. मामा मूळ चालही वाजवत होते आणि मधे मधे आपली नक्षीही. मी वर बघितलं तर मामांनी डोळ्यांनीच मला गप राहा म्हटलं. बाकीच्यांनाही माहीत असणारच. सुपारी देणारे मास्तरकडं बघून देतात, मास्तर पुढं दिसायला पाहिजे. त्या अख्ख्या उन्हाळ्यात सहा माणसांनी सातव्याला असं झाकून नेलं आणि हिशेबात आबाजींचा वाटा पहिल्यासारखाच काढला.

पितळी भाऊ, तुम्ही म्हणालात तेच निघालं, खोबरेल. टोपी सोडल्यावर वासच आला. पहिला आणि तिसरा सकाळी सुटले, आकडे आहेत. मधला अजून हलत नाही. तेल सोडून ठेवलंय, उद्या परत बघतो.