'वयोमर्यादा शिथिल' की 'किमान वय कमी'?

प्रश्न : 'मतदानाची वयोमर्यादा 18 वरून 16 पर्यंत शिथिल करा' हे वाक्य बरोबर आहे का? आणि सोळा वर्षांच्या मुलांबद्दल लिहिताना 'सज्ञान', 'प्रौढ' हे शब्द चालतील का?

उत्तर : 'वयोमर्यादा शिथिल' काढून टाका. नोकरभरतीच्या जाहिरातींमुळे या शब्दांचा अर्थ वाचकाच्या डोक्यात पक्का बसलाय : वरची मर्यादा आणखी वर नेणे. तुम्हाला तर खालची अट खाली आणायची आहे. 'मतदार होण्याचे किमान वय 18 वरून 16 करा' असं सरळ लिहा.

'मतदानाचे वय' बोलण्यात रुळलंय, तिथे ते राहू दे. नियम समजावताना मात्र त्याने घोळ होतो, कारण आपल्याकडे वय मतदानाच्या दिवशी मोजत नाहीत. मतदार यादीच्या अर्हता दिनांकाला, म्हणजे यादीसाठी वय पूर्ण असावं लागतं त्या ठरलेल्या तारखेला, मोजतात. पूर्वी 1 जानेवारी हा एकच दिनांक होता. 2021 च्या दुरुस्ती कायद्याने 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर यांची भर पडली. 5 जुलैला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला 1 जुलै हुकतो, 1 ऑक्टोबर लागू होतो. ऑगस्टमध्ये मतदान आलं, तर वय भरूनही तिचं नाव यादीत नसतं.

आणखी एक : 'अठरावं लागलं' म्हणजे सतरा पूर्ण. घरात वय असंच सांगतात आणि अर्ज भरताना फसगत होते. '18 वर्षांवरील' हेही ढिसाळच. संविधानाच्या अनुच्छेद 326 मधली अट अठरापेक्षा कमी नसावे अशी आहे, म्हणून '18 वर्षे पूर्ण' हेच लिहावं. अठरावं लागलेल्यांना नमुना 6, म्हणजे यादीत नाव घालण्याचा अर्ज, आगाऊ भरता येतो. नाव मात्र पुढच्या लागू अर्हता दिनांकालाच चढतं.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : 'सज्ञान' इथे नको. तो करार, मालमत्ता, पालकत्व यांच्या कायद्यातला शब्द आहे. सज्ञानतेच्या 1875 च्या कायद्यानुसार अठराव्या वर्षी सर्वसाधारणपणे सज्ञान होणाऱ्याला 28 मार्च 1989 पर्यंत मत नव्हतं, कारण मतदाराचं वय 21 होतं. 61 व्या घटनादुरुस्तीने ते 18 झालं. ऑस्ट्रियात याच्या उलट : 2007 पासून सोळाव्या वर्षी मत, सज्ञानता मात्र अठराव्या वर्षी. म्हणजे तिथला सोळा वर्षांचा मतदार कायद्याने 'अज्ञान', म्हणजे अजून सज्ञान न झालेला, असतो. (या 'अज्ञान'चा अडाणीपणाशी काही संबंध नाही, आणि मुलांच्या विरोधात तो तसा वापरला जातो हे मला फार खटकतं.)

'प्रौढ मताधिकार' ही घटनेतली संज्ञा, ती तशीच ठेवा. पण रोजच्या मराठीत 'प्रौढ' म्हटलं की चाळिशीचा माणूस उभा राहतो, त्यामुळे 'सोळा वर्षांचे प्रौढ' कानाला टोचतं. 'सोळा पूर्ण केलेले' पुरे.

प्रश्नकर्ता : मग 'सोळा पूर्ण केलेल्यांना मताधिकार द्या' असं करतो.

उत्तर : उत्तम. मताधिकार म्हणजे सक्ती नव्हे, हेही त्यात आपोआप येतं. ब्राझीलमध्ये 16 आणि 17 व्या वर्षी मत ऐच्छिक आहे, 18 पासून सक्तीचं. फक्त 'निवडणुकीचे वय' कुठे लिहू नका. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला 25 पूर्ण लागतात, तो वेगळाच मुद्दा आहे.